घरच्या कॉम्प्युटरला 'रेड' लावायची, पण कोणती?

लातूरहून भाईजानचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. जूनचा पहिला आठवडा होता. संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, विजा कडाडल्या, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. त्या गडबडीत स्टुडिओतला कॉम्प्युटर चालूच राहिला होता. नंतर बटण दाबले तर पंखासुद्धा फिरेना. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले आणि बोर्ड गेल्याचे सांगितले.

"बोर्डच गेला ना? मग डेटा कुठे जातो? तुमच्याकडे तर रेड लावलेली आहे," असा धीर आम्ही नांदेडहून दिला. "हो, रेड आहे म्हणून तर काळजी नाही," भाईजानही म्हणाले. त्या रात्री दोन्ही घरी सगळे शांत झोपले. पुढचे अकरा दिवस मात्र कुणालाच नीट झोप लागली नाही.

त्या कॉम्प्युटरवर काय होते ते आधी सांगतो. भाईजान लग्नांचे शूटिंग करतात. त्या हंगामातल्या पाच लग्नांचे व्हिडिओ त्यात होते आणि त्यांतल्या दोन घरांना अजून काहीच दिलेले नव्हते. एका घरचे वयस्क नाना निकाहनंतर पंधरा दिवसांतच अल्लाहला प्यारे झाले होते. नातीच्या डोक्यावर हात ठेवतानाचे त्यांचे चालतेबोलते चित्र फक्त त्या शूटिंगमध्ये होते.

दुसरी ठेव आमच्याच घरची. अब्बांची एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात दादांच्या काळची खरेदीखते, जुने निकाहनामे, शेताच्या वाटणीचे कागद होते. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला सरकारी कारभार उर्दूतून चालायचा. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत, मग घर मुसलमानाचे असो की हिंदूचे, जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. असे कागद कधी लागतील याचा नेम नसतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा याच निजामकाळातल्या दप्तरांची पाने पुन्हा उलटली गेली. आम्ही ट्रंकेतले सगळे कागद स्कॅन करून भाईजानच्या कॉम्प्युटरवर ठेवले होते, कारण त्यांच्याकडे "रेडवाला" कॉम्प्युटर होता. स्कॅननंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात ट्रंकेला वाळवी लागली आणि निम्मे कागद भुसा झाले. म्हणजे त्यांची उरलेली एकमेव प्रत त्या बंद पडलेल्या डब्यात होती.

आता ही रेड म्हणजे काय ते पाहू. रेड म्हटले की आपल्याला आयकरवाल्यांची धाड आठवते. ही रेड वेगळी. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक लहान डिस्क एकत्र जुंपाव्यात, आणि एखादी मेली तरी काम अडू नये अशी व्यवस्था करावी, हे त्यांचे म्हणणे होते. त्या व्यवस्थेला त्यांनी रेड हे नाव दिले आणि तिचे प्रकार आकड्यांनी ओळखले जाऊ लागले.

घरच्या माणसाला त्यांतले दोन कळले तरी पुरे. रेड १ म्हणजे आरसा. जे एका डिस्कवर लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर. एक टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा एकच टीबी मिळते, पण एक डिस्क उडाली तर दुसरी कामाला असते. रेड ० मध्ये फाईलचे तुकडे करून अर्धे इथे, अर्धे तिथे लिहितात. जागा दोन टीबी मिळते, वेगही वाढतो. पण दोघींपैकी एक गेली की सगळेच गेले. अर्धा कुर्ता शिंप्याकडे आणि अर्धा धोब्याकडे असावा, तसा प्रकार. शून्य हा आकडा तिला शोभतो.

भाईजानच्या कॉम्प्युटरला रेड ० लावलेली होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. चार वर्षांपूर्वी तो असेंबल करून घेताना त्यांनी "व्हिडिओ एडिटिंगला लागतो, चांगला बनवा" एवढेच सांगितले होते. बनवणाऱ्याने बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन दोन डिस्कची रेड ० केली आणि "रेड लावून दिली आहे" असे सांगितले. तो खोटे बोलला नव्हता. कोणती रेड, हे आम्हीच कुणी विचारले नाही.

पुढची अडचण बोर्डाची. तसाच बोर्ड बाजारात मिळेना. जो मिळाला त्यात रेडची सोयच नव्हती. हे अनेकांना माहीत नसते. इंटेल प्रोसेसरच्या एच६१, एच८१, एच११०, एच३१० अशा स्वस्त मालिकांतल्या बोर्डांवर रेड येत नाही, आणि आपल्याकडे घरोघरी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरांत नेमके हेच बोर्ड जास्त असतात. नव्या बोर्डावर त्या दोन डिस्क दोन अनोळखी डिस्क म्हणून दिसल्या आणि विंडोज विचारू लागले, वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? "मारून देऊ का फॉरमॅट?" दुरुस्तीवाल्याने तर सहज विचारले. भाईजान तिथे हजर होते म्हणून वाचलो.

भाईजानचा मुलगा, आमचा पुतण्या, नांदेडला आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकतो. तो दोन्ही डिस्क रुमालात गुंडाळून एसटीने घेऊन आला. त्याने पहिले शहाणपण हे केले की मूळ डिस्कना हातच लावला नाही. नव्या दोन डिस्क आणून एकेकीची हुबेहूब नक्कल काढली. यातच बरेच दिवस गेले. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवले, त्यात एमडीएडीएम नावाचे अवजार टाकले. लिनक्सची सॉफ्टवेअर रेड चालवणारे हे अवजार इंटेलच्या बोर्डाने डिस्कवर लिहिलेल्या खुणासुद्धा वाचू शकते. त्याने जोडी ओळखली, तुकडे सांधले आणि अकराव्या दिवशी मगरिबच्या सुमारास फोल्डर उघडले. वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या दोन फायली खराब निघाल्या. नानांचे शूटिंग होते. दादांचे खरेदीखतही होते. अल्हम्दुलिल्लाह.

या अनुभवानंतर भाईजानच्या नव्या कॉम्प्युटरसाठी आणि आमच्या दुकानासाठी आम्ही नीट विचार केला. आमचे निकाहचे रुक्के, लग्नपत्रिका, हँडबिले छापण्याचे डीटीपीचे दुकान आहे. उर्दू इनपेजमध्ये, मराठी श्रीलिपीत. वीस वर्षांच्या फायली आहेत. त्यामुळे रेड हवी होतीच, पण ती मदरबोर्डची घ्यायची की सॉफ्टवेअरची, हा प्रश्न होता.

दुकानदार मदरबोर्डच्या रेडला "हार्डवेअर रेड" म्हणतात. ते बरोबर नाही. खरी हार्डवेअर रेड म्हणजे वेगळे कार्ड, त्यावर स्वतःचा प्रोसेसर आणि लिहायचे राहिलेले सांभाळायला बॅटरी. ते सर्व्हरमध्ये असते आणि महाग असते. मदरबोर्डच्या रेडमध्ये बायोस फक्त जोडीची नोंद ठेवतो आणि कॉम्प्युटर सुरू करून देतो. त्यानंतरचे सगळे काम इंटेलचा किंवा एएमडीचा ड्रायव्हर आपल्या मुख्य प्रोसेसरकडूनच करून घेतो. म्हणजे दोन्हीकडे राबणारा मजूर एकच आहे. फरक आहे तो हिशेबाची वही कोणाकडे राहते याचा. एकीकडे ती बोर्डाच्या कंपनीच्या पद्धतीने लिहिलेली असते, दुसरीकडे विंडोजच्या किंवा लिनक्सच्या पद्धतीने. आरशाच्या रेडमध्ये वेगाचा फरक घरच्या कामात जाणवतही नाही, म्हणून वेगाच्या गोष्टी कुणी सांगू लागले तर ऐकून सोडून द्याव्यात.

वही बोर्डाकडे असली की काय होते? बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२ म्हणतात तिला. बायोसच्या सेटिंग ती सांभाळते. काही वर्षांनी ती संपते. आपल्याकडे लाईट जाते, दुकानाचे मेन स्विच रात्री बंद करतात, आणि एके सकाळी कॉम्प्युटर तारीख-वेळ विसरून उठतो. त्याबरोबर 'रेड' ही सेटिंगही विसरतो आणि साध्या पद्धतीवर जातो. रेड ० असेल तर विंडोज सुरूच होत नाही, हे परवडले, कारण निदान लक्षात तरी येते. आरसा असेल तर जास्त धोका. एकेक डिस्क पूर्ण असल्यामुळे विंडोज एका डिस्कवरून सुरू होऊ शकते आणि दिवसभराचे काम त्या एकाच डिस्कवर लिहिले जाते. मग कुणीतरी जाणकार येतो, रेड पुन्हा चालू करतो. बोर्डाला वाटते दोन्ही डिस्क सारख्याच आहेत. प्रत्यक्षात त्या सारख्या नसतात. वाचताना थोडे हिच्याकडून, थोडे तिच्याकडून घेतले जाते आणि फायली बिघडू लागतात. बायोस अपडेट केला तरी हीच सेटिंग पुसली जाऊ शकते.

शिवाय बोर्ड बदलण्याचे दिवस आता अनेकांवर आलेले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ज्यांचे जुने बोर्ड आहेत त्यांना आज ना उद्या ते बदलावेच लागतील. बोर्ड आठ-दहा वर्षांचा सोबती. खरेदीखत नातवंडांना लागणार. त्याची वही बोर्डाच्या हाती द्यावी असे आम्हाला वाटत नाही.

मदरबोर्डच्या रेडची बाजूही सांगायला हवी. विंडोज ज्या डिस्कवर आहे तिचाच आरसा हवा असेल, म्हणजे डिस्क उडाली तरी काउंटर एक मिनिटही बंद राहू नये अशी गरज असेल, तर ती सोयीची आहे. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर ती शोभते. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालवणाऱ्यांनाही इंटेलची रेड दोन्हीकडून दिसते, हा तिचा फायदा. पण एक इशारा. आधीच विंडोज टाकलेल्या कॉम्प्युटरवर नंतर बायोसमध्ये जाऊन रेड चालू केली, तर बरेचदा विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडते. ते काम विंडोज टाकण्याआधी करायचे असते.

आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरला विंडोजसाठी छोटी एसएसडी आहे. ती उडाली तर अर्ध्या दिवसात नवी टाकून विंडोज, इनपेज, श्रीलिपी पुन्हा भरता येते. ते सगळे बाजारात मिळते, म्हणून तिला आरसा नाही. जे बाजारात मिळत नाही, ते सगळे दोन टीबीच्या दोन हार्डडिस्कवर, सॉफ्टवेअरच्या आरशात.

विंडोजमध्ये यासाठी स्टोरेज स्पेसेस नावाची सोय आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ती आली, आणि होम आवृत्तीतही चालते. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन दोन डिस्क निवडायच्या आणि टू-वे मिरर हा प्रकार घ्यायचा. निवडलेल्या डिस्क त्या वेळी पूर्ण पुसल्या जातात, म्हणून आधी सगळे दुसरीकडे काढून ठेवावे. पुढे बोर्ड बदलला, विंडोज नव्याने टाकले, किंवा त्या दोन डिस्क दुसऱ्याच कंपनीच्या बोर्डावर लावल्या, तरी विंडोज त्यांना आपोआप ओळखते. डिस्क मॅनेजमेंटमधला जुना मिररचा मार्ग प्रो आवृत्तीत अजून दिसतो, पण मायक्रोसॉफ्टने तो कालबाह्य ठरवला आहे.

स्टोरेज स्पेसेसच्याही मर्यादा आहेत. विंडोज स्वतः तिच्यावरून सुरू होत नाही. लिनक्सला ती सहज वाचता येत नाही, म्हणजे पुतण्याने पेन ड्राइव्हवर केलेली करामत इथे चालणार नाही. नव्या विंडोजवर बनवलेली जोडी जुन्या विंडोजवर उघडेलच असेही नाही. ज्यांच्या घरी लिनक्स चालवणारे कुणी असेल त्यांनी एमडीएडीएमचाच आरसा करावा. ती जोडी कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही लिनक्सखाली उघडते. आमच्या पुतण्याचे मत तेच आहे. पण इनपेज आणि श्रीलिपीसाठी आम्हाला विंडोजच लागते, म्हणून या वादात तो हरला.

लाईट जाण्याचा त्रास मात्र दोन्ही रेडना सारखाच. लिहिताना वीज गेली की एका डिस्कवर लिहिलेले दुसरीवर राहून जाऊ शकते. पुन्हा सुरू झाल्यावर दोघींची जुळवाजुळव करावी लागते. दोन टीबीची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची तर सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने साडेचार तास लागतात आणि तोवर कॉम्प्युटर रांगतो. लिनक्समध्ये फक्त अपुरा राहिलेला भाग तपासण्याची सोय आहे. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद होऊ शकतो. इन्व्हर्टरला यूपीएसचे बटण असेल तर ते त्या बाजूला करावे, नाहीतर कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. आधी यूपीएस, मग रेड, हा क्रम.

दोन डिस्क घेताना दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्याव्यात. एकाच खोक्यातून निघालेल्या डिस्क बरेचदा पाठोपाठ आजारी पडतात. डिस्क कोणत्या प्रकाराने लिहिते तेही विचारावे. काही डिस्क ओळी एकमेकींवर चढवून लिहितात, त्याला एसएमआर म्हणतात, आणि रेडच्या जुळवाजुळवीत त्या फार मंद पडतात. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या रेडसाठीच विकल्या जाणाऱ्या काही डिस्क या प्रकारच्या निघाल्या आणि जगभर ओरड झाली.

आणखी एक, फारच साधी गोष्ट. दोन्ही डिस्कवरचे क्रमांक कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. डिस्क मेल्याची सूचना येते ती क्रमांकाने येते. घाईत लोक जिवंत डिस्क काढतात आणि मेलेली ठेवतात. सूचना पाहण्याचीही सवय लागते. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजनंतर दुकान उघडण्याआधी, आम्ही स्टोरेज स्पेसेसचे पान उघडून पाहतो. आरशाची एक बाजू फुटली तरी काम चालूच राहते आणि म्हणूनच महिनोन्महिने कुणाला कळत नाही.

एवढे सगळे करून आम्ही निर्धास्त झालो, आणि दीड वर्षाने पुन्हा फसलो. या वेळी डिस्क उडाली नाही, बोर्ड गेला नाही. दुकानात गर्दी होती, जागा भरल्याची सूचना येत होती, आणि आमच्याच हाताने जुना म्हणून एक फोल्डर कायमचा पुसला गेला. त्याच्या पोटात ट्रंकेच्या कागदांचा फोल्डर होता. आरशाने आपले काम इमानाने केले. एका डिस्कवरून गेले ते त्याच क्षणी दुसरीवरूनही गेले. व्हायरसने फायलींना कुलूप घातले तरी आरसा हेच करील. रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते, आपल्या हातापासून नाही.

त्या दिवशी कागद वाचले ते लातूरमुळे. अकरा दिवसांच्या त्या प्रकारानंतर पुतण्याने हट्टाने एक नियम लावला होता. एक सुटी बाहेरची डिस्क आमच्या सगळ्या फायली भरून लातूरला भाईजानच्या कपाटात, आणि त्यांची तशीच एक आमच्याकडे. सुट्टीत तो घरी जातो तेव्हा अदलाबदल. एरवी त्या डिस्क कशालाही जोडलेल्या नसतात, म्हणून लाईट, व्हायरस किंवा आमचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आधी आम्हाला हे जास्तीचे वाटले होते. एवढ्या लांब कशाला, वरच्या मजल्यावर ठेवू, असे आम्ही म्हणालो होतो. तेव्हा लातूरच्या भाभी बोलल्या. त्यांचे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली, दगडमातीच्या जाड भिंतींची घरे बसली. भाभी तेव्हा लहान होत्या. "माणसांचे दुःख तर होतेच. पण वाचलेल्यांकडे आपण कोण, हे सांगणारा कागदसुद्धा राहिला नव्हता. वरच्या मजल्यावर ठेवून काय झाले असते?" त्या म्हणाल्या. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

नांदेड ते लातूर, लोहा, अहमदपूर, चाकूरवरून एसटीने साडेतीन-चार तास लागतात. डिस्क मऊ कापडात, मग स्टीलच्या डब्यात, आणि डबा मांडीवर. बॅग वरच्या फळीवर टाकायची नाही, अशी ताकीद आहे. भाईजानच्या नव्या कॉम्प्युटरला आता स्टोरेज स्पेसेसचा आरसा आहे. वेग हवा म्हणून एडिटिंगसाठी वेगळी एसएसडी घेतली आहे आणि काम संपले की फायली आरशाच्या जोडीवर जातात. नानांच्या घरच्यांना त्यांचे शूटिंग पोहोचले, आणि एक प्रत त्यांनी स्वतःहून भाईजानकडेच ठेवायला दिली आहे. ती या ईदच्या सुट्टीत इकडे येणाऱ्या डिस्कवर असेल.